गाळलेला परिच्छेद

दि. ६ मे

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खालच्या औषधवाल्याने ते वाचून दाखवलं. हे वाचून तू थबकली असशील, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. मला दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी कडा पुसट व्हायला लागल्या, गेल्या वर्षी मधलंही गेलं. आता खिडकी कुठे आहे एवढं कळतं, बस्स. हे पत्र मी टाइपरायटरवर बडवतो आहे. चाळीस वर्षं लोकांचे करारनामे टाइप केले, त्याला डोळे लागत नाहीत. चुका सापडल्या तर हसून घे.

तुला कवळ्यांच्या कारखान्यात सहा महिने शिकाऊ म्हणून घेतलं आणि तो माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, हे ऐकून आनंद झाला आणि लगोलग स्वार्थही सुचला. वरची खोली तुझी. बदल्यात तू मला रोज संध्याकाळी चाळीस पानं वाचून दाखवायचीस, आणि येईल ते टपाल शब्दन् शब्द. नात्यात कसला करार, असं तुझी आई म्हणेल. अगं, नात्यातच तो लागतो. परक्याशी माणूस मुळातच जपून वागतो.

आणखी एक अट आहे. आईला माझ्या डोळ्यांबद्दल सांगायचं नाही. तिला कळलं तर ती नोकरी सोडून इथे येईल आणि दिवसभर बोलून माझे कानही घालवेल. थट्टा सोड. खरं म्हणजे मला लाज वाटते. बारीक अक्षरातली कलमं नीट वाचा आणि मगच सही करा, असं जन्मभर लोकांना बजावणारा मी, आज सही कुठे करायची ते बोटाने चाचपडतो. माझी पत्रं पूर्वीपासून टाइप केलेलीच जातात, त्यामुळे तिला काही संशय नाही.

आमच्या धंद्यात एक शिस्त होती. जे तिऱ्हाइताला तपासता येत नाही, त्यावर दंड लावायचा नाही. भांडण तेवढं वाढतं, हाती काही लागत नाही. तू एखादा मजकूर गाळलास तर मला कधीच कळणार नाही, म्हणून दंड लिहिलेला नाही. एखादी अट जड वाटली तर आधी सांग. कारण विचारणार नाही, अट बदलू.

मान्य असेल तर कळव. आशीर्वाद आहेतच, ते कराराबाहेर.

तुझा,
मामा

दि. ११ मे

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडू आलं, मग ‘बडवतो आहे’ वाचून हसू आलं, आणि आईने विचारलं की मामा एवढं काय विनोदी लिहितो, तेव्हा पत्र पटकन घडी करून पिशवीत कोंबलं. म्हणजे तुमची अट सही करायच्या आधीच पाळायला लागले. मला हे लपवणं आवडलेलं नाही, पण पाळीन.

एक सुचवू का? चाळीस पानांची अट कच्ची आहे. पानं तुम्हाला मोजता येणार नाहीत, आणि मी किती आळशी आहे ते आईला विचारा. तुमच्याकडे ठोके देणारं घड्याळ आहे. साडेसहाच्या ठोक्याला बसायचं आणि आठच्या ठोक्याला उठायचं, असं बांधून घ्या. मग पानं उडवून माझा काही फायदाच होणार नाही, कारण वेळ तेवढाच जाणार. बघा, मीच माझ्या पायात बेडी घालून घेतली! टपालाला मात्र घड्याळ लावता येत नाही. तेवढं माझ्या भरवशावर सोडा.

चुका एकूण अकरा होत्या. पाकिटावर तुम्ही मला ‘चिंगीस’ऐवजी ‘चिंचीस’ केलं आहे.

सोमवारी पोचते. माया आहे ती तशीच राहू द्या, मी वाचताना अडखळले तरी.

तुमची,
चिंगी

दि. २ ऑक्टोबर

ती. दादा, सा. न. वि. वि.

चिंगीचं पत्र आलं. तू तिच्याकडून चहा दोनदाच घेतोस आणि ती तुला संध्याकाळी पुस्तकं वाचून दाखवते म्हणे. मजा आहे बाबा एका माणसाची! स्वतः वाचायचा कंटाळा, म्हणून भाचीला बसवलंस. बावीस तारखेला तिची शेवटची परीक्षा आहे ना? वरची-खालची अख्खी कवळी एकटीने करायची आणि ती गिऱ्हाइकाच्या तोंडात नीट बसली तर नोकरी कायम. ती हरली तर खचेल रे. लहानपणापासून जे जे धरलं ते अर्ध्यात सुटलं तिचं, कधी माझ्यामुळे, कधी तिच्यामुळे. या वेळी काही मध्ये यायला नको.

आमच्या बस स्थानकावर नवे फलाट झाले. तेवीस वर्षं मी सहा फलाटांच्या गाड्या पुकारल्या, आता नऊ. लोकांना अजून सवय नाही, सगळे जुन्या जागी उभे राहतात आणि माझ्या खिडकीशी येऊन भांडतात.

आता मुद्द्याचं. अक्षर बारीक काढलंय, चष्मा लाव, आणि हे चिंगीला दाखवू नकोस. उन्हाळ्यापासून माझा घसा बसतोय. परवा पुकारताना आवाज मध्येच गेला, नुसती हवा. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल. जीव वाचेल म्हणाले, आवाजाचं सांगता येत नाही, बहुतेक जाईल. ते लगेच दाखल व्हा म्हणत होते, पण फार थांबू नका असं बजावून त्यांनी मला अठ्ठावीसपर्यंत मुदत दिली. का, तर तुझ्यासाठी. दादा, त्याआधी एकदा ये. एकटा ये, दोन दिवस माझ्यासमोर बस. बाबा गेले तेव्हा आपण जे भांडलो, त्याबद्दल मला तुला काही सांगायचंय. ते लिहून होत नाही. तोंडाने सांगायचंय, आणि तोंड आहे तोवर. जमणार नसेल तर स्पष्ट कळव, मी राग धरणार नाही.

प्रकृतीला जप. तुझी सही हल्ली फार वाकडी येते, बस पकडायची असते का? बहिणीवर आहे तेवढी माया असू दे, थोडी वाढली तरी चालेल.

तुझी,
धाकटी

दि. ८ ऑक्टोबर

चि. टकळीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे एका दमात ऐकलं, म्हणजे वाचलं. इतकं छोटं पत्र तुझ्या हातून कसं आलं याचंच नवल वाटतंय. दोन परिच्छेद आणि बाकी सर्व ठीक? एरवी चार पानं भरून वर समासात आडवं लिहितेस. स्थानकावर बोलून बोलून दमलीस की काय? नऊ फलाट म्हणजे तुझी चैनच आहे. सरकारने तुला बोलण्याचा पगार द्यावा, यापेक्षा मोठा घोटाळा मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

लहानपणी बाबा तुला अर्धा तास गप्प बसलीस तर पेन्सिल देतो म्हणायचे, आणि तुला ती कधीच मिळाली नाही. आता या वयात तरी थोडी गप्प बस. घशाला विश्रांती, कानांना विश्रांती, सगळ्यांचं भलं होईल. मी तर म्हणतो महिनाभर मौन धर, तुझ्यावाचून गाड्या सुटतील.

चिंगी छान आहे. तिच्या बोटांना सतत मेणाचा वास येतो. परीक्षेची तिने धास्ती घेतली आहे, पण होईल पास. माझं इथे बरं चाललंय, एवढ्यात कुठे हलायचा विचार नाही. पुढच्या वर्षी बघू, जमलं तर तिकडे चक्कर टाकीन.

रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र लांब लिही.

तुझा,
दादा

दि. १९ ऑक्टोबर

ती. दादा यांस सा. न. वि. वि.

तुमचं आठ तारखेचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुमचा हलायचा विचार नाही हे कळलं. तेव्हा थांबण्यात काही अर्थ उरला नाही, म्हणून मी डॉक्टरांना लगेच करा म्हटलं. सतरा तारखेला शस्त्रक्रिया झाली. जीव आहे. आवाज नाही, आणि येणार नाही असं त्यांनी आज सांगितलं.

तुम्ही मौन धर म्हणाला होतात, ते आता झालं. तुमची थट्टा मला पूर्वी आवडायची. मी लिहिलं त्याच्या उत्तरात ती यावी असं माझ्याकडून काय झालं, याचा इथे पडल्या पडल्या विचार करते. भांडण एवढं जुनं होतं, तरी तुम्ही ते अजून धरून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं.

चिंगीला परीक्षा झाल्यावर सांगावं. उत्तराची घाई नाही.

आपली,
बहीण

दि. २३ ऑक्टोबर

प्रिय आई, सा. न.

आई, मामाला काहीच माहीत नव्हतं. आधी एवढं वाच, मग बाकीचं.

मामाला दिसत नाही. गेल्या वर्षापासून अजिबात नाही. त्याला लाज वाटते, म्हणून तुला सांगायचं नाही अशी अट त्याने मला घातली होती, आणि मी ती पाळली. त्याची सगळी पत्रं मी वाचते. तुझं दोन तारखेचं पत्रसुद्धा मीच फोडलं. चष्मा लाव, असं तू लिहिलं होतंस. मी त्याच्यासमोर खुर्चीवर बसून मोठ्याने वाचत होते. नऊ फलाटांपर्यंत वाचलं, आणि मुद्द्याचं म्हणून तू जे पुढे लिहिलं होतंस ते सगळं मनात झरझर वाचून मी थांबले. मामाने विचारलं की पुढे काय, एवढंच का. मी म्हटलं, पुढे नुसतं बाकी सर्व ठीक असं आहे. आणि घडी घातली.

का ते सांगते, पण ते कारण म्हणून धरू नकोस. मी वाचलं असतं तर मामा त्याच मिनिटाला उठला असता. एकटा तो जिन्यापर्यंतसुद्धा जात नाही, म्हणजे मलाच त्याला घेऊन यावं लागलं असतं, जायला एक दिवस, यायला एक, तिथे निदान दोन. आमच्या मुख्य कारागिरांनी सांगितलं होतं की मेणावर दात बसवायच्या दिवसांत जो गैरहजर राहील त्याने परत तोंड दाखवू नये. मी हिशेब केला की परीक्षा बावीसला, शस्त्रक्रिया अठ्ठावीसला. बावीसच्या संध्याकाळी वाचून दाखवीन, तेवीसची गाडी धरू. तुझ्याजवळ चार दिवस मिळतील. इतका साधा हिशेब वाटला मला. आणि चिंगीला दाखवू नकोस असं तूच लिहिलं होतंस, तेव्हा ते मला माहीतच नाही, असं मी स्वतःला पटवलं. पंधरा-सोळा दिवस मी स्वतःशी असं खोटं बोलले. मामाचं उत्तर मी स्वतः पेटीत टाकलं आई. त्यात तुला गप्प बस लिहिलंय हे मला माहीत होतं, कारण चुका बघायला तो ते माझ्याकडून वाचून घेतो. तेव्हाही बोलले नाही. पाकीट चिकटवलं आणि टाकलं.

काल परीक्षा झाली. मी पास झाले. पळत घरी आले, तुझा परिच्छेद वाचायला, आणि दारात तुझं दुसरं पत्र पडलं होतं. मामाने पाकिटाचा आवाज आधीच ऐकला होता. त्याने वाच म्हटलं. मी एकोणीस तारखेचं पत्र अक्षर न गाळता वाचलं, मग जपून ठेवलेलं दोन तारखेचं काढलं आणि तेही सगळं वाचलं.  त्याने एवढंच विचारलं की हा परिच्छेद तिने किती तारखेला लिहिला. मी दोन म्हटलं. मग तो म्हणाला की त्याला तुझा चेहरा आता आठवूनच बघावा लागतो, आवाज तेवढा खराखुरा उरला होता.

मला ओरड, असं लिहिणार होते. मग लक्षात आलं. आई, मला माझी इतकी लाज वाटते की आरशासमोर दात घासतानाही खाली बघते.

माया ठेव असं मागायला तोंड नाही, तरी मागते.

चिंगी

दि. २४ ऑक्टोबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र चिंगीने पाहिलेलं नाही. औषधवाल्याने पाकिटात घालून दिलं, म्हणजे चुका असतील तशाच येतील.

माझ्या थट्टेचं ते पत्र मी सारखं आठवतो. महिनाभर मौन धर. तू खाटेवर ते आठवत असशील, या विचाराने मला अंगावरचं कातडं काढून टाकावंसं वाटतं. माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण माहीत का नव्हतं? तू मला एकांतात लिहीत होतीस, आणि मी आपल्या दोघांच्या मध्ये तिसरं माणूस बसवलं होतं, तुला न सांगता. लबाडी तिथे सुरू झाली. चिंगीची नंतरची.

चाळीस वर्षं मी करार लिहिले, आणि स्वतःच्या घरातला धड लिहिता आला नाही. अट जड वाटली तर आधी सांग, असं मी ऐटीत लिहिलं होतं. पण सांगायचं म्हणजे तिला आधी तो मजकूरच मला वाचून दाखवावा लागला असता, आणि मग बदलायला राहिलं काय? ज्या जागी खरं वागलं तर सगळं तिचंच जाणार आणि खोटं वागलं तर कुणाला कळणार नाही, अशा जागी मी पोरीला बसवलं आणि वर विश्वास ठेवल्याचं मोठेपण घेतलं. माझ्याकडे असा करार कोणी आणला असता तर मी तो परत पाठवला असता. तिचं वागणं वाईटच आहे, ते मी पोटात घालायला सांगत नाही.

मी तिला करारातून मोकळं केलं, खोली राहू दे म्हटलं. तरी ती काल साडेसहाला येऊन समोर बसली. मी वाच म्हटलं नाही, तिने वाचलं नाही. आठला उठून गेली.

बाबांच्या वेळचं भांडण मी धरलेलं नाही. कशावरून झालं तेही आता धड आठवत नाही, तू बोलली असतीस तर आठवलं असतं. मी तुझा आवाज आठवायला बसतो, आणि येतो तो पेन्सिल मागणाऱ्या पोरीचा. मोठेपणीचा येतच नाही. कारण मोठेपणी मी नीट ऐकलाच नाही, नुसती टिंगल केली.

तुला जमेल तेव्हा, जमेल तेवढं लिही. मला हवं म्हणून नव्हे.

तुझा,
दादा

दि. ९ नोव्हेंबर

चि. चिंगीस आशीर्वाद, ती. दादास सा. न.

हे पत्र दोघांना आहे. चिंगी, मामासमोर बस आणि पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाच.

टाके निघाले. स्थानकावर मला आता तिकिटांच्या खिडकीमागे बसवणार आहेत, तिथे बोलावं लागत नाही. परवा पहिल्यांदा फलाटावर उभी राहिले तर दुसरीच बाई गाड्या पुकारत होती. बरी पुकारते. नऊ नंबर म्हणताना घाई करते.

दादा, तुला दिसत नाही हे मला लिहायला तुला लाज वाटली. कुणाची रे? माझी? मी तुला वाकडी सही म्हणून चिडवत होते, आणि तू ते चिंगीच्या तोंडून ऐकत होतास. आपण दोघांनी थट्टेत एकमेकांना किती मारलं त्याचा हिशेब नको. तुझं चोवीस तारखेचं पत्र मी उशाशी ठेवते. आधीचं फाडलं, दोनदा चिकटवलं, परत फाडलं.

चिंगी, माफ केलं असं लिहिणार नाही, कारण अजून केलेलं नाही. तू पेटीत पत्र टाकलंस तिथे मी अडते. परिच्छेद गाळलास ते समजू शकते, घाबरलीस. पण उत्तर टाकताना तुला दोन्ही बाजू माहीत होत्या, आणि जगात तेव्हा त्या फक्त तुलाच माहीत होत्या. होईल हळूहळू. तू घाई करू नकोस आणि मामालाही मध्ये घालू नकोस.

मी रविवारी येते, महिनाभर. दादाला दिसत नाही, मला बोलता येत नाही, म्हणजे दोघांमध्ये तुला बसावंच लागेल, दुसरं कुणी नाही. मला जे तोंडाने सांगायचं होतं ते मी पाटीवर लिहीन आणि ते दादाला तुझ्या तोंडून ऐकावं लागेल. मी समोरच असेन. माझा आवाज गेलाय, कान चांगले आहेत. तू काय वाचतेस ते मला ऐकू येईल.

रविवारपर्यंत मात्र तू एकटीच आहेस, मी ऐकायला नाही. म्हणून खाली एक ओळ लिहिते. ती वाचायला तुला जड जाईल, मला लिहायला गेली. दादा, ऐकलीस की पाठ करून ठेव, आणि मी दारात आले की नमस्कार-चमत्काराच्या आधी मला म्हणून दाखव.

शुद्धीवर आल्यावर आवाज गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले नाही, पण चिंगी पास झाल्याचं वाचून मला आनंद झाला, तिने काय केलं ते त्याच पत्रात वाचूनसुद्धा झाला, आणि त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

पूर्वीसारखा लोभ ठेवा असं लिहवत नाही. जेवढा उरला असेल तेवढा रविवारी घरात असू द्या.

तुझी आई,
तुझी धाकटी